तळ

रविवारी पिकअपच्या हौद्यात
दोन छत्र्या, एक कलिंगड, चार पोरं,
आणि पुढे माझ्या शेजारी सासरे,
गुडघ्यापर्यंतचे काळे बूट चढवून.
मिनास चीजच्या भट्टीवर, त्याला रविवार नसतो.
"समुद्रावर चाललोय मामंजी, लग्नाला नाही."
ते खिडकीबाहेर बघत राहिले,
कोणाची बकरी कोणाच्या रानात शिरलीय
याची वळणावळणाला नोंद घेत.

एकाहत्तर वर्षं क्रीटच्या डोंगरावरून
हा माणूस समुद्र बघत आलाय,
परक्या गावची मिरवणूक बघावी तसा,
लांबून, हाताची घडी घालून.
मी कालिम्नोसची, स्पंज काढणाऱ्यांच्या घरातली.
आमच्यात मूल आधी तरंगतं, मग रांगतं.
मला सून म्हणून आणली तेव्हा म्हणाले होते म्हणे,
पाण्यातली माणसं ही, खडकावर टिकतील का?
चौदा वर्षं झाली.
तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

हा किनारा पोरांसाठीच केल्यासारखा.
चाला, चाला, चालत राहा,
पाणी गुडघ्याच्या वर यायला तयार नाही.
तळ दिसतो, तळावरची आपली सावली दिसते,
सावली कुरतडायला आलेले बोटभर मासे दिसतात.
काठावर समुद्री गवताचे तपकिरी गोळे,
लाटांनी बसल्या बसल्या वळलेले.
पोरं ते एकमेकांना फेकून मारतात.
झाऊच्या सावलीत थर्मासमधली गार कॉफी,
कोणाचं तरी बाळ टॉवेलखाली झोपलेलं,
आणि पाण्यातच फतकल मारून बसलेल्या
टोपीवाल्या म्हाताऱ्या
गावभरची लग्नं जुळवतायत, मोडतायत.
मी कलिंगड काठाशी ओल्या खड्ड्यात पुरलं.

सासरे खुर्चीवर बसेनात.
काठी हनुवटीखाली रोवून उभे राहिले
आणि मोजू लागले,
मेंढ्या मोजतात तसं, ओठ न हलवता.
डोकी चार. डोकी चार.
पण डोकं बुडतं, वर येतं. मेंढी असं करत नाही.
तीन. चार. तीन.
तीन.
तीन.

मी वळले तेव्हा वाळूत काठी एकटी उभी.
मामंजी पाण्यात,
बुटांसकट, खिशातल्या तंबाखूसकट,
हाका घालत. नाव कुणाचंच नाही,
नुसती ती एक लांब हाक
जी धुक्यात फुटलेल्या कळपाला घालतात.
म्हाताऱ्या एक लग्न अर्ध्यावर सोडून गप्प झाल्या.
ते चालले, चालले,
बुडायची तयारी करून चालले,
आणि समुद्र त्यांना बुडवीना.

धाकटा लेफ्तेरी झाऊच्या बुंध्यामागे,
चोरलेली बिस्किटं खात.
तिथूनच तोंडभर ओरडला, "आजोबा, मी इथे!"

त्यांनी ऐकलं. वळले.
मोजलं असणार: चार.
मी टॉवेल घेऊन उभी.
ते आले नाहीत.
वाकले, ओंजळ भरली, चाखून पाहिली
आणि थुंकले.

मग मीच गेले.
बराच वेळ आम्ही आपापल्या पायांकडे बघत होतो,
माझे उघडे, त्यांचे बुटात.
मासे दोघांनाही सारखेच हुंगत होते.
"तळ कुठे सुटतो?"
निळा जिथे एकदम काळपट होतो,
तिकडे मी बोट दाखवलं.
"तुझा बाप तिथवर जायचा?"
"त्याच्याही पुढे."
"दोर बांधून?"
"दोर बांधून."
त्यांनी मान हलवली,
दोराचं त्यांना कळत होतं.

संध्याकाळी बूट टपावर उलटे बांधले,
काचेवरून ओघळ येत राहिले.
सासरे अनवाणी, पायांची बोटं पांढरी, सुरकुतलेली,
आजच जन्मल्यासारखी.
शेवटच्या चढावर म्हणाले, खिडकीबाहेर बघतच,
"कलिंगड लहान होतं."